चौदाव्या बोअरचं छत

११ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. नऊ वर्षांत चार ओळी, म्हणजे सव्वादोन वर्षांना एक पडली. चालेल, मी तक्रार करत नाही. आई असती तर तिने पाकीटसुद्धा जपून ठेवलं असतं. मी ते घाईत फाडलं आणि मग चिकटवत बसले.

हमीदार म्हणून सही देशील का, असं विचारलंस. देईन. अर्ज आणलाय. 'नातं' समोर 'सख्खी मोठी बहीण' लिहून झालं, पण 'कैद्याशी संबंध कसे आहेत' या प्रश्नावर दोन दिवस अडून बसले होते. शेवटी 'पत्रव्यवहार आहे' असं ठोकून दिलं. पत्रं सगळी माझीच होती हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वीस एप्रिलला सुनावणी. तीन माणसांचं मंडळ असतं म्हणे. ते तुझं ऐकतील, मग माझं ऐकतील, आणि उरलेली नऊ वर्षं माफ करायची की नाही ते ठरवतील.

पण तुझी चौथी ओळ मी तीनदा वाचली. 'पश्चात्ताप झाला का विचारलं तर सांगेन, त्याने सात मारले, मी एकच मारला.' हे तिथे बोलू नकोस. हात जोडते. हे बोललास तर मंडळ तुला दारातूनच परत पाठवेल. आणि दुसरंही एक कारण आहे, पण ते आज नको.

मी अजून गाभ्यांच्या कोठारातच नोकरी करते. तुला समजावून सांगायला नको, पण तुझ्याआधी हे पत्र तुरुंगातले तपासनीस साहेब वाचतात, त्यांचा गोंधळ नको म्हणून लिहिते. साहेब, नमस्कार. ड्रिल मशीन जमिनीत खोल भोक पाडतं, त्याला आम्ही बोअर म्हणतो. त्यातून मनगटाएवढी जाड दगडाची कांडी वर येते, तो गाभा. तो पेट्यांत ओळीने मांडतात, वरचा दगड वर, खालचा खाली. माझा हा भाऊ ती कांडी वर काढायचा आणि मी ती पाहून जमिनीच्या पोटात काय आहे ते लिहायचे. आमची जोडी होती. लोक हेवा करायचे.

खात्याने आता माझ्यावर एक काम टाकलंय. उत्तरेच्या त्या कोळशाचा इतिहास लिहायचा, शोध कसा लागला इथपासून बोगदा बंद झाला इथपर्यंत. पहिलं प्रकरण झालं. तुला आवडेल. सील प्राण्यांची शिकार करणारे लोक नदीच्या मुखाशी थांबले असताना त्यांनी चुलीला काळे दगड लावले आणि चूलच पेटली. ते ऐकून तीस वर्षांनी एक सर्वेक्षक तिथे गेला, बरोबर एक मदतनीस आणि सहा कुत्रे. नदीच्या कड्यात त्यांना दोन थर दिसले. वरचा कधीकाळी आपोआप पेटून जळून गेलेला, त्याच्यावरची माती विटेसारखी लाल भाजलेली. खालचा शाबूत, साडेचार मीटर जाड. तो डोंगराच्या आत कोणत्या बाजूला कलतो यावरून दोघांचं भांडण लागलं. दोन महिने तंबूत एकमेकांचं तोंड बघून काढलेले, त्यात कुत्रे खाऊन संपलेले. मदतनिसाने सर्वेक्षकाच्या डोक्यात कुदळ घातली. मग त्याच्या वहीत शेवटच्या पानावर आपल्या अक्षरात लिहिलं, 'थर पूर्वेला कलतो.' आपल्या पाचव्या बोअरने काय दाखवलं आठवतं? थर पश्चिमेला कलतो. मेलेला बरोबर होता.

हे प्रकरण लिहिल्यापासून मला झोप नीट लागत नाही.

स्वेटर पाठवतेय. कोपरं दुहेरी विणलीत.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

मंडळाच्या अर्जात सातवं पान आहे, 'घटनेबद्दल नातेवाइकाचं म्हणणं'. मी तिथे होते म्हणून मला ते भरायचंय. तुला आधी दाखवते. चूक असेल तर सांग.

जून महिना होता. चौदाव्या बोअरच्या खालून कोळशात चाचणीचा बोगदा नेत होते. नव्वद मीटर आत गेला होता. दर दोन मीटरला एक खांबजोडी, वर आडवं लाकूड. तू टेकडीवर मशीनपाशी होतास, मी खाली तोंडाशी नमुने पिशव्यांत भरत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. आवाज मोठा नव्हता. मोठ्या जनावराने कूस बदलावी तसा, आणि मग बोगद्याच्या तोंडातून गार वारा आला, कोळशाच्या भुकटीने काळा.

आत सात जण होते. तुझा दोस्त लंबूही.

तू टेकडीवरून धावत नाही आलास, घसरत आलास. फावडं मिळेपर्यंत थांबला नाहीस, हातानेच उकरायला लागलास. चिखल, बर्फाचे तुकडे, मोडलेली लाकडं. तुझी चार नखं निघाली ती तुला दुसऱ्या दिवशी कळली. तीन तासांनी लंबूचा हात लागला. तू ओढलास आणि तो कोपरापासून तुझ्याच हातात आला. पुढे तू जे केलंस ते करणाऱ्या माणसाचा चेहरा मी त्या वेळी पाहिला होता, हे मी मंडळाला सांगणार आहे. कोणीही वेडा झाला असता.

मुकादम हजेरीचा कागद घेऊन आला. बिचारा नावं वाचत होता, आत किती होते याचा मेळ लावत होता. तू पाइप फिरवायचा मोठा पान्हा उचललास. पहिला फटका खांद्यावर बसला, तो गुडघ्यावर आला. "खांब लांब लांब लावलेस, हरामखोरा!" तू ओरडलास. "लाकूड वाचवलंस!" तो एका हाताने डोकं झाकत होता आणि सारखं एकच म्हणत होता, "कागदात आहे! दोन मीटर कागदात आहे!" दुसऱ्या फटक्याने तो हात मोडला. तिसरा जबड्यावर बसला, मग त्याला काही बोलताच येईना. तरी तो तोंडाने तेच शब्द करू बघत होता. रक्ताचे बुडबुडे येत होते. तू अकरा फटके मारलेस. शेवटचे चार कशाला मारत होतास, तुझं तुलाच ठाऊक. तेव्हा तिथे डोकं असं काही उरलं नव्हतं.

मी बारा पावलांवर होते. मी ओरडले नाही, मध्ये पडले नाही. कोर्टात वकिलाने विचारलं, "तुम्ही का अडवलं नाहीत?" मी म्हणाले, "भीती वाटली." सगळ्यांना पटलं. मलाही बरीच वर्षं पटत आलं.

आता दुसरी गोष्ट. मुकादमाची बायको परवा कोठारात आली होती. शहरात बस चालवते. गणवेशातच आली, दुपारच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. मला ओळखलं नाही, किंवा ओळखून दाखवलं नाही. म्हणाली, "बोगद्याच्या तोंडाशी सात नावांचा दगड लावलाय. माझ्या नवऱ्याचं नाव त्यात नाही. त्याच्यामुळे मेले म्हणतात. माझ्या मुलीने लग्नात बापाचं नाव सांगितलं नाही."

मी म्हटलं, "बाई, चौकशी झाली होती."

"चौकशी मेलेल्याची झाली. तो बोलणार कुठून? तो कागद पाहिल्याशिवाय जेवायलासुद्धा बसायचा नाही हो. कागदात आहे म्हणत होता ना मरताना? मला तो कागद बघायचाय. आणि चौदाव्या बोअरची ती पेटीपण."

नियमाप्रमाणे कोणीही अर्ज करून पेटी बघू शकतं. मी तिला अर्ज दिला आणि खोटंच सांगितलं की महिना लागतो. तसा तो दोन दिवसांत होतो.

तुझं उत्तर येऊ दे.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. बरं. मग मीच बोलते. मूग गिळून बसायची माझी सवय फार जुनी आहे, ती आज मोडायची म्हणून सकाळपासून तीन कप चहा झालाय.

तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते कोर्टातल्या त्या साक्षीमुळे. "आरोपीने याआधी कोणाला मारलं होतं का?" आणि मी आचाऱ्याचं सांगितलं. तुझ्या मते त्याने तुझी अकराची अठरा वर्षं झाली, आणि सख्ख्या बहिणीने गळा कापला. धाकट्या, मी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं.

आचाऱ्याचं भांडण कशावरून झालं ते तरी आठवतं का तुला? सूप वाढताना तो म्हणाला होता, "ताईच्या पदराला धरून आलंय बाळ." एवढंच. सगळे हसले, मीही हसले. तू हसला नाहीस. जेवण झाल्यावर तू त्याला शेगडीच्या खोलीत गाठलंस.

शेगडीच्या खोलीचं तपासनीस साहेबांना सांगावं लागेल. साहेब, त्या भागात जमीन बारा महिने गोठलेली असते. तिथून काढलेला चिखलसुद्धा वर येतो तो लोखंडासारखा, हातोडी आपटली तर टणकन वाजते. म्हणून आमच्या तळावर गाभा दोनदा लिहायची पद्धत होती. आला तसा एकदा, आणि शेगडीच्या खोलीत दोन दिवस ठेवून, पार वितळल्यावर पुन्हा एकदा. वहीत दोन रकाने असायचे, गोठलेला आणि वितळलेला. बोगद्याचं छत किती भक्कम आणि खांब किती अंतरावर लावायचे, हे फक्त दुसऱ्या रकान्यावरून ठरायचं. जुने लोक म्हणायचे, थंड दगडाच्या शब्दावर जाऊ नये.

तर त्या दिवशी चौदाव्या बोअरच्या शेवटच्या पेट्या तिथे वितळत होत्या. मी आवाज ऐकून गेले तेव्हा तू आचाऱ्याचे केस धरून त्याचं तोंड मांडणीच्या कडेवर आपटत होतास. दात जमिनीवर पडले होते. मी तुला मागून ओढलं, तू मला कोपर मारलंस, आणि मग त्याला उचलून मांडणीवरच फेकलंस. मांडणी कोसळली. तीन पेट्या उलट्या झाल्या. कोळशाच्या अगदी वरचे तीन मीटर, म्हणजे ज्या छताखाली पुढे माणसं उभी राहणार होती नेमकं तेच. किती मीटर खोल ते लिहिलेले लाकडी ठोकळे इकडे, कांड्या तिकडे, आणि तुम्ही दोघं वरून तुडवताय.

तळप्रमुख दुसऱ्या दिवशी विमानाने येणार होते. पेट्या सांडल्याचं कळलं असतं तर कोणी सांडल्या हे निघालंच असतं. आचारी तर घाबरून गप्प बसला, शिडीवरून पडलो म्हणाला. पण पेट्या बोलल्या असत्या. तुझी ती तिसरी नोकरी होती. निघताना आई मला दारात म्हणाली होती, "त्याला सांभाळ, तुझ्याशिवाय त्याला कोण आहे?" मी तुला पाठीशी घातलं. कांड्या अंदाजाने परत भरल्या आणि पहिला रकाना बघून दुसरा लिहून काढला. दोन्हीकडे एकच शब्द, 'घट्ट वालुकाश्म'.

खांबांचं दोन मीटर अंतर त्यावरूनच ठरलं.

आज एवढंच पुरे. हात दुखतोय.

ताई


८ मार्च

धाकट्या,

तुझी एक ओळ आली. 'ताई, आडवळणं नको. दगड होता की नव्हता?'

नव्हता.

कांड्या अंदाजाने भरल्या असं मी गेल्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. त्या तीन मीटरच्या कांड्या भरायला उरल्याच नव्हत्या. तू आचाऱ्याला खोलीबाहेर ओढत नेलंस आणि मी कंदील खाली धरला. जमिनीवर चिखल होता. राखाडी, मऊ, पाणी सुटलेला. आणि त्यात तुझ्या बुटाचा ठसा होता, टाचेसकट, चांगला बोटभर खोल. दगडात बुटाचा ठसा उमटत नाही, हे कळायला शिकलेलं असावं लागत नाही. ते छत म्हणजे बर्फाने धरून ठेवलेली माती होती. बर्फ आहे तोवर छत, बर्फ गेला की काही नाही. जूनमध्ये बोगद्यात वरची ऊबदार हवा सोडायला लागले आणि तो बर्फ गेला.

मी ठसा पाहिला. समजलं. केरसुणी घेतली आणि चिखल झाडून बाहेर बर्फात टाकला. मग नवव्या बोअरच्या पेट्यांतला चांगला वालुकाश्म मापाने फोडून चौदाव्याच्या रिकाम्या खणांत बसवला. ठोकळे नीट लावले. काम इतकं सुबक झालं की तळप्रमुखांनी शाबासकी दिली. मनात म्हणाले, बोगदा इथूनच जाईल कशावरून, अजून वीस बोअर व्हायचेत. तो इथूनच गेला. तेव्हा तरी बोलायचं. म्हटलं, बर्फ हजारो वर्षं टिकलाय, आणखी दोन वर्षं टिकेल. मी रोज त्या तोंडाशी पिशव्या भरत बसायचे आणि लंबू आत जाताना माझ्या टोपीवर टिचकी मारून जायचा.

छत टपकत होतं हे मुकादमाच्या लक्षात आलं होतं. आदल्या दिवशी तो माझ्याकडे वही घेऊन आला होता. "बाई, वर ओल दिसतेय. छत दगडाचंच आहे ना?" मी माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. "दोन्ही रकाने बघा की." त्याने बघितले, मान हलवली आणि गेला. मुकादमाने खांब लांब लावले नाहीत, धाकट्या. लाकूड वाचवलं नाही. त्याने मला विचारलं होतं.

आता तुला कळलं, मी बारा पावलांवर का उभी राहिले. तो 'कागदात आहे' म्हणत होता आणि मला वाटत होतं, आता हा म्हणेल, बाईंना विचारा. मला तो गप्प व्हायला हवा होता. तिसऱ्या फटक्याला तो गप्प झाला तेव्हा मला हायसं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात. तू भुई नाही, माणूस धोपटलास. आणि सापाला ते दिसत होतं.

मंडळापुढे तू 'त्याने सात मारले' म्हणू नयेस म्हणून आधी तुला सांगतेय. त्याने एकही मारला नाही. मला ठाऊक आहे, नऊ वर्षं तू त्या एका वाक्यावर उभा आहेस आणि मी तेच काढून घेतेय. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं थांबत नाही. त्या बाईचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. चौदा तारखेला मी भेटायला येतेय. त्यानंतर मी तिला पेटी उघडून दाखवणार आणि खात्याला लेखी देणार.

भेटायचं नसेल तर भेटीच्या यादीतून माझं नाव काढायला सांग. मला दारावरच कळेल.

ताई


१८ मार्च

धाकट्या,

डावा डोळा अजून उघडत नाही, म्हणून ओळी उतरत्या आहेत. गालाचं हाड मोडलंय, दोन दात गेले. सूप नळीने पिते. डॉक्टर म्हणतात, डोळा वाचेल.

झालं ते सगळं लिहून ठेवते, कारण तुला त्यातलं किती आठवत असेल कोण जाणे. तू आलास तो स्वेटर घालून. माझ्यासमोर बसलास, हात टेबलावर ठेवलेस. मी तुझ्या नखांकडे बघत होते. चारही परत आलीत, पण वेडीवाकडी.

तू म्हणालास, "पत्र दोनदा वाचलं."

"हं."

"म्हणजे लंबू मी तुडवलेल्या चिखलाखाली गेला."

"तू तुडवलास. मी झाडला."

 मग अगदी हळू विचारलंस, "तो ओरडत होता तेव्हा तू ऐकत होतीस?"

"हो."

"एक शब्द, ताई. 'थांब' एवढं म्हणाली असतीस. मी थांबलो असतो. तुझं मी कायम ऐकलंय."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणाले नाही."

तेव्हा तू माझे केस धरलेस. तीनदा टेबलाच्या कडेवर. पहिल्याचं दुखलं, दुसऱ्याला तुझ्याच तोंडून किंकाळी आली, तिसरं नीट आठवत नाही. मी हात वर केले नव्हते. शिपायांनी तुला खाली दाबलं, पाठीत काठ्या घातल्या, आणि तू जमिनीला तोंड लागलेलं असताना ओरडत होतास, "तो सांगत होता! अरे, तो मला सांगत होता!" तुला ओढत नेलं तरी दोन दारांपलीकडून ऐकू येत होतं. धाकट्या, मला त्या क्षणी तुझी इतकी माया आली की मी उठून मागे यायला निघाले आणि पडले.

दवाखान्याच्या खोलीत जेलरबाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा कपाळावर. त्यांनी फॉर्म काढला आणि दार लोटून घेतलं.

"वीस एप्रिलला सुनावणी आहे ना त्याची?"

मी मान हलवली.

"नऊ वर्षांत एक तक्रार नाही त्याच्याविरुद्ध. मी लिहिते, पाय अडखळून टेबलावर पडलात. शिपायांचं मी बघते. मलाही भाऊ आहे हो, असाच माथेफिरू." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "खाली सही तेवढी करा."

फार भली बाई. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगू? मला ते वाक्य आवडलं. सोपं, कोणाला इजा न करणारं. माझा हात सहीसाठी खाली गेलासुद्धा. आणि मला एकदम कळलं की मी तू सुटल्यानंतरचा विचार करतेय. तू बाहेर येशील, कुठेतरी कोणीतरी तुला हसेल, आणि तिथे निस्तरायला पुन्हा मीच असेन, केरसुणी घेऊन.

मी त्यांचा फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. भावाने केस धरून तीनदा डोकं आपटलं. मी त्याला चिडवलं नव्हतं, खरं सांगितलं होतं. ते खरं काय हेही खाली लिहिलं. चौदावा बोअर, तीन पेट्या, नववा बोअर, मुकादमाचा प्रश्न, माझं बोट, बारा पावलं. डोळ्यातून पाणी आणि रक्त गळत होतं, दोन जागी शाई पसरली, तिथे पुन्हा लिहिलं.

जेलरबाईंनी वाचलं. "बाई, हे दिल्यावर तो सुटत नाही. आणि तुम्हीही."

"ठाऊक आहे."

काल मुकादमाच्या बायकोला बोलावून पेटी उघडली. तिने नवव्या बोअरचे तुकडे एकेक हातात घेऊन पाहिले. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तीही मारेल. गाल तयार होता, तसाही एकच चांगला उरलाय. तिने मारलं नाही. म्हणाली, "त्याने तुला विचारलं होतं, हे शिक्क्यासकट लिहून दे." दिलं. तिने कागद गणवेशाच्या आतल्या खिशात ठेवला, घड्याळ बघितलं आणि चारच्या फेरीला गेली.

तुझी सुनावणी रद्द झाल्याचं आज कळलं. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल. मला खात्याने घरी बसवलंय, सोमवारी पोलीस जबाब घेणार आहेत. तुला वाटेल, ताईने दुसऱ्यांदा गळा कापला. वाटू दे. मी तुला एकदा वाचवलं होतं, त्यात आठ माणसं गेली. या वेळी नाही वाचवलं.

ताई